चुन्याखालची धनुकली

शाळेच्या सेक्रेटरींनी हुसेनबीला फसवलं. राहायला जागा देतो असा शब्द दिला, त्या शब्दावर तिच्याकडून अख्खी शाळा घासूनपुसून घेतली आणि शाळा लख्ख झाल्यावर तिला बाहेर काढलं. तो शब्द तिच्यापर्यंत माझ्या तोंडून गेला होता, म्हणजे फसवणूक माझीही झाली. हे आधी सांगून टाकते. बाकीचं आठवेल तसं येईल.

नामपल्लीच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरल्या की त्यांच्यामागून थंडी येते, आणि थंडीमागून पिंजारी. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत तो उन्हं चांगली वर आल्यावर शिरतो. खांद्यावर माणसापेक्षा उंच धनुकली, आणि कापूस पिंजायची तिची तात हातातल्या लाकडाने छेडत तो चालतो. टंव्, टंव्, टंव्. तो आवाज आला की मी हातातलं टाकून फाटकाशी जाते.

सून आतून ओरडते, “आई, गाद्या मागच्याच वर्षी भरून घेतल्यात.”

“उशी राहिलीय.”

“उशीही भरलीय.”

“मग परत भरू. तुझ्या बापाचा कापूस आहे का?”

तिला सवय झाली आहे. पिंजारी ओट्यावर बसतो, मी त्याला पाणी देते आणि विचारते, “कौनसे गाँव के जी?”

“महबूबनगर के तरफ के, अम्मा.”

“बिदर के तरफ का कोई मौला पिंजारी मालूम?”

“मौला तो बहोत हैं, अम्मा. मेरा मामू बी मौलाच है.”

मग मी त्याच्याशी मजुरीवरून कडाडून भांडते, कारण तेवढं मला येतं. चांगली धडधाकट उशी उसवते. अंगणात कापूस उडायला लागला की मी आत निघून जाते. मौला म्हणजे हुसेनबीचा नवरा. तो मला सापडला नाही. त्याला त्याची बायको सापडली की नाही, हे मला आजही माहीत नाही.

माझं चुन्याचं दुकान नामपल्ली स्टेशनच्या पलीकडच्या रस्त्याला. चुना, नीळ, खराटे, फिनेल. मालक गेले तेव्हा मी विशीतली होते. दिरांनी दुकानाची किल्ली मागितली, ती मी दिली नाही. डोक्यावरचा पदर दाताखाली धरला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. बाईमाणूस म्हणून पहिल्यांदा लोक फसवायला आले, नंतर भांडायला, आणि मग मुकाट्याने माल घ्यायला येऊ लागले. ‘चुनेवाली बाई’ म्हणजे तोंडाची तिखट, हे त्या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळा हे माझं मोठं गिऱ्हाईक. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकाम्या होतात, आणि बाकांखालची घाण, संडासातली दुर्गंधी, भिंतीवरची शाई सगळं एकदमच लोकांच्या डोळ्यांवर येतं.

अठ्ठेचाळीस साली सुट्टी लवकरच पडली होती. भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं. सिकंदराबादेच्या रस्त्यांवर लोक लष्करी गाड्यांमागे धावत होते. मीही पेढे वाटले. खोटं कशाला बोलू? बिदरकडच्या माझ्या माहेरी रझाकारांनी बापाच्या कडब्याच्या गंजी जाळल्या होत्या, आमच्या बायका महिना-महिना ज्वारीच्या फडात झोपल्या होत्या. आनंद झाला तो पोटातून झाला. पण त्यानंतर नामपल्लीला गाड्या भरून माणसं उतरायला लागली. खेड्यापाड्यांतले मुसलमान. तांबोळी, मुलाणी, मणियार, पिंजारी. केलं रझाकारांनी, भरलं यांनी. काठी कधी न उचललेली माणसं बायकापोरांसह फलाटावर बसून होती आणि वरून परतीचा पाऊस पडत होता.

स्टेशनजवळच आमच्या मुलींची मराठी शाळा. तिचे सेक्रेटरी जुन्या घराण्यातले, नावाजलेले वकील. त्यांच्या तीन पिढ्या दरबारी नोकरीत गेलेल्या. चांगला माणूस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसाचा मला इतका राग राहिला नसता. भर पावसात त्यांनी स्वतः येऊन शाळेचं फाटक उघडलं. कमिटीतले बाकीचे कुरकुरले तेव्हा म्हणाले, “बायकापोरं आहेत. उद्या पाऊस थांबल्यावर बोलू.”

पुढे शाळेच्या संडासाचा वास रस्त्यापर्यंत यायला लागला, आणि मला फिनेल घेऊन बोलावणं आलं. हमालाच्या डोक्यावर डबे देऊन मी आत शिरले. वर्गावर्गात तीन दगडांच्या चुली. बाकं फोडून जळण केलेलं. फळा आडवा टाकून त्याच्या आडोशाला एक बाळंतीण. मला संताप आला. इतक्यात व्हरांड्यातून आवाज आला, “अगं भवाने, फरशीवर न्हवं! मोरीत बस, मोरीत! ही काय तुज्या आज्याची साळा हाय व्हय?”

माझे पाय जागच्या जागी थांबले. हैदराबादेत असं मराठी कुणी बोलत नाही. शहरातलं आमचं मराठी अर्धं दखनी झालेलं. हा सूर माझ्या माहेरच्या पाणवठ्यावरचा होता.

मी विचारलं, “कुठल्या गं तुम्ही?”

आपल्या पोरीला धरून बसलेल्या त्या बाईने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “चंद्राक्का? धाकल्या पाटलाची चंद्रा न्हवं तुमी? आवं, तुमच्या लग्नाच्या गाद्या आमीच पिंजल्या की! तुमी कापसात उड्या मारल्या म्हून तुमच्या आयनं तुमाला झाडूनं हाणलं हुतं.”

ती हुसेनबी. माझ्या माहेरच्या वेशीतली. त्या गादीवर मी नांदले, त्याच गादीवर विधवा झाले. तिथे उभ्याउभ्या मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि मी हमालालाच दोन शब्द सुनावले.

मौला म्हाताऱ्या बापाला आणायला मागे फिरला होता. जाताना त्याने तिला सांगितलं होतं, नामपल्लीला उतर, जिथे थारा मिळेल तिथे दारावर आपली धनुकली काढ, मी हुडकत येतो. त्याला अक्षर येत नव्हतं, तिलाही नाही. म्हणून तिने फाटकालगतच्या भिंतीवर कोळशाने धनुकली काढली होती, चांगली हातभर लांब. तिचं बघून इतरांनीही काढलं. तांबोळ्याने विड्याचं पान. मुलाण्याने सुरी. मणियारणीने एकात एक अडकलेल्या बांगड्या. अशी रस्त्याकडची ती भिंत खुणांनी भरून गेली होती. येणारा माणूस भिंतीसमोरून सावकाश चालायचा, एका जागी थांबायचा, आणि मग आत धावायचा. मी एकाला असं धावताना पाहिलं. सुरीपाशी थांबला होता. आत गेल्यावर जो हंबरडा उठला, तो आनंदाचा की दुःखाचा हे बाहेरून कळलं नाही.

शाळेचा शिपाई बाळय्या तेलुगू माणूस. तो मला म्हणायचा, “बाई, ये स्कूल का दीवार है के जत्रे का परदा?” पण सकाळी झाडताना त्या भिंतीला खराटा लागू नये म्हणून तो अंग चोरून झाडायचा.

दिवाळी जवळ आली तशी कमिटीची घाई सुरू झाली. शाळा उघडायची होती. नव्या राज्यातला कुणी मोठा अधिकारी झेंडा लावायला येणार होता. बरीच कुटुंबं तोवर नातेवाइकांकडे पांगली होती. राहिलेल्यांना शहराबाहेरच्या छावणीत न्यायचं ठरलं. हुसेनबी तेवढी हलायला तयार नव्हती. “मी हितनं गेले तर त्यो मला कुठं हुडकल?” एवढं एकच ती बोलायची.

शाळा साफ करायला माणसं मिळत नव्हती. रोगराईला सगळे भीत होते. वकीलसाहेबांनी मला बोलावलं आणि मी तिथेच सौदा मांडला. सौदा करताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघते. तेव्हाही बघितलं.

म्हटलं, “साहेब, तुम्हाला शाळा हवी, तिला कोपरा हवा. ती आणि तिच्याबरोबरच्या बायका शाळा धुऊन देतील. मागची पाण्याच्या माठांची खोली तिला द्या. नवरा येईपर्यंत.”

“आणि नाहीच आला तर?”

“तर मी तिला माझ्या घरी नेईन. पण तिला आधी वाट बघू द्या.”

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, “ठीक आहे, चंद्राबाई. शब्द दिला. पण शाळा अशी झाली पाहिजे, की इथे कुणी राहिलं होतं असं वाटता कामा नये. एकही डाग नको.”

मी धावत जाऊन हुसेनबीला सांगितलं. तिने माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

अशी सफाई मी नंतर कुठल्याही शाळेत पाहिली नाही. बायकांनी आधी कडुनिंबाचा पाला जाळून वर्ग धुराने भरले, दारं लावून घेतली. ढेकूण भाजले, उवा मेल्या. मग शहाबादी फरशी. विटेची भुकटी, राख, काथ्या. गुडघे टेकून, ओळीने, मागे मागे सरकत. चुलींची काजळी छतापर्यंत चढली होती. ती रिठ्याच्या कढत पाण्याने उतरवली, कारण काजळीवर तसाच चुना दिला तर ती पिवळी होऊन वर फुटते. संडासात हुसेनबी स्वतः उतरली. दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. म्हणाली, “खोली मला मिळायची हाय, वास दुसरीनं का घ्यावा?” घाण उपसता उपसता ती बाळय्याला चिडवायची, “बाळय्या, तुज्या साळंत पोरी शिकत्यात का हत्ती?” पितळेची घंटा चिंचेने घासली तेव्हा तिच्यात सगळ्यांची तोंडं दिसायला लागली, आणि बायका एकमेकींना ढकलून त्यात बघू लागल्या. किती दिवसांनी त्यांनी आपलं तोंड पाहिलं असेल!

मी चांगला कळीचा चुना दिला. हौदात विरवला, तो रटरटला, वाफा आल्या. त्यात डिंक टाकला, नीळ टाकली. आतल्या भिंती झाल्या. शेवटी फाटकालगतची राहिली.

हुसेनबी कुंचला हातात घेऊन तिथे नुसती उभी. वकीलसाहेब पाहणीला आले होते. मी म्हटलं, “साहेब, ही धनुकली एवढी राहू द्या. कोपऱ्यात आहे.”

साहेब हसले. हसणंही वाईट नव्हतं, मुलाला समजवावं तसं. “अहो, आता चित्राचं काय काम? ती स्वतःच इथे राहणार आहे ना? जिथे माणूस आहे तिथे खूण कशाला?”

ते मला पटलं. तिलाही पटलं. आजही शब्दन्‌शब्द बरोबर वाटतो, हेच तर सलतं. जिथे माणूस आहे तिथे खूण कशाला?

चुन्याची एक गोष्ट चुनेवाल्यालाच माहीत असते असं नाही, कुणीही बघू शकतं. चुना ओला असतो तोवर खालचं सगळं दिसतं. हुसेनबीने स्वतः चुन्याचा हात दिला. पान, सुरी, बांगड्या, धनुकली ओल्या चुन्यातून करड्या करड्या दिसत राहिल्या. बायका बघत बसल्या. ऊन तापलं तशी भिंत एका बाजूने वाळत आली आणि एकेक खूण नाहीशी झाली. धनुकली सावलीत होती, ती शेवटी गेली. “आता मलाच हितं खुंट्यावानी हुबं ऱ्हावं लागतंय,” हुसेनबी म्हणाली आणि हसली. हाताला चुना खाऊन भेगा पडल्या होत्या. मी तिला खोबरेल लावलं.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर माल बघायला गेले होते. परतले तेव्हा माठांची खोली धुतलेली, रिकामी. बाळय्या माझ्या नजरेला नजर देईना. सकाळीच लॉरी आली होती. बाकीच्या बायकांबरोबर हुसेनबीला आणि तिच्या पोरीला चढवलं. ती माझं नाव घेऊन ओरडत होती, म्हणे. लोकांना वाटलं, चुनेवाल्या बाईने काहीतरी घेतलंय हिचं.

मी तशीच साहेबांच्या घरी गेले. ते जेवत होते. ताटावरून उठले नाहीत, पण घासही घेतला नाही.

“चंद्राबाई, पालक ऐकेनात. मुली पाठवणार नाही म्हणाले. शाळा बंद पडली असती.”

“शब्द दिला होता तुम्ही.”

“कमिटीने ठरवलं. मी एकटा काय करणार?”

“कुठं नेलं तिला?”

“सरकारी लॉरी होती. त्यांनाच माहीत.”

कमिटीतल्यांना विचारलं, ते म्हणाले, सेक्रेटरींनी ठरवलं. चौकीवर गेले, तिथे म्हणाले, कौनसी लॉरी? छावण्या हिंडले. इतक्या हुसेनबी निघाल्या! कुणी परभणीची, कुणी उदगीरची. माझी हुसेनबी नव्हती. सगळ्यांच्या लेखी ती लॉरी जणू निघालीच नव्हती.

आणि मग थंडी पडली. शाळा भरली होती, मुली प्रार्थना म्हणत होत्या. बाळय्या दुपारी दुकानात आला, पायरीवर बसला आणि नुसता घाम पुसत राहिला. थंडीत.

“क्या हुआ रे?”

“बाई, वो आया था.”

“कौन?”

“धनुकलीवाला.”

खांद्यावर धनुकली घेऊन आला होता. एकटाच, बाप बरोबर नव्हता. फाटकालगतच्या भिंतीसमोरून सावकाश चालत गेला, पुन्हा परत आला. शाळेला वळसा घालून चारी बाजूंच्या भिंती पाहिल्या. मग भिंतीला हात लावला, तळहाताला चुना लागला तो बघितला. बाळय्याला विचारलं, इथे कोणी लोक राहिले होते का?

“तू क्या बोला?”

बाळय्या रडायला लागला. “साहब बोले थे ना बाई, कोई पूछा तो बोलना इधर कोई रहाच नहीं. मैं वोइच बोल दिया. मेरा मुँह से निकल गया, बाई. वो सलाम करके चला गया.”

मी दुकान उघडं टाकून पळाले. नामपल्लीचा फलाट, मुसाफिरखाने, सिकंदराबाद. ठिकठिकाणी पिंजारी होते, थंडीचेच दिवस ते. एका गल्लीतून टंव् ऐकू यायचं, मी तिकडे धावायचे, तोवर दुसरीकडून. सगळ्या शहराने रजया भरायला काढल्या होत्या. मौलाला मी पाहिलं होतं ते लहानपणी, माहेरच्या अंगणात, कापसाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा. त्या भुवयांवरून मी त्याला काय ओळखणार होते!

माहेरी निरोप धाडला. पिंजाऱ्याच्या घराला कुणीतरी आपली म्हैस बांधली आहे, असं उत्तर आलं.

त्या शाळेला मी पुन्हा चुना दिला नाही. दुसऱ्याकडून घेतात. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिथे सफेदी होते आणि दरवर्षी ती भिंत थोडी जाड होते. मी रस्त्याच्या पलीकडून जाते. एकदा नात बरोबर होती. तिने विचारलं, “आज्जी, तुम्ही उस साइड से कायकू चलते हमेशा?” तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे ती वाचणार नाही. तिला म्हटलं, ऊन लागतं गं. तेव्हा उन्हं उतरलेली होती.

वकीलसाहेब गेले. शाळेच्या हॉलमध्ये त्यांची हार घातलेली तसबीर आहे. आता त्यांचे चिरंजीव सेक्रेटरी आहेत. परवा त्यांनी माझ्या दुकानात माणूस पाठवला. शाळेचा उत्सव आहे. या खेपेला जुना चुना पार खरवडून काढायचा आणि वर तेलरंग द्यायचा. खरवडायला माणसं, फिनेल, सगळा मक्ता मला द्यायची त्यांची तयारी आहे. “जुनी ओळख आहे म्हणून,” असं तो माणूस म्हणाला.

खरवडतील तेव्हा थराथराने चुना पडेल. अगदी तळाचा थर हुसेनबीच्या हातचा आहे. त्याच्या पाठीला कोळसा असेल. तो कोळसा पाटीत भरून उकिरड्यावर टाकतील, आणि शाळा पुन्हा अशी होईल, की इथे कधी कुणी राहिलं होतं असं वाटणार नाही.

मी मक्ता घेईन. भाव करणार नाही, माणसं माझी, माल माझा, एक पैसा नको. मला फक्त उत्तर हवं आहे, आणि ते खरवडायला सुरुवात होण्याआधी हवं आहे. ती लॉरी कुणी बोलावली? हुसेनबीला कुठं उतरवलं? ‘इथे कुणी राहिलंच नाही’ हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं? चिरंजीवांना वडिलांची शाळा मिळाली, खुर्ची मिळाली, तसबिरीपुढे उभं राहायचा मान मिळाला. मग वडिलांचा शब्द कुणाच्या वाट्याला आला? कमिटीतले दोघे म्हातारे अजून आहेत, संध्याकाळी बागेत फिरायला येतात, नावानिशी मला माहीत आहेत. एकमेकांकडे बोट दाखवून झालं असेल तर आता तिघं मिळून या. मी दुकानात बसलेली आहे. उत्तर द्या.